साथ नसतानाचा पहारा

संपादकांना अंतराळवीर हवे होते. हवा भरलेला पोशाख, पाठीला जोडलेली नळी, काचेआडचे डोळे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेचं, म्हणजे एनआयव्हीचं, नाव निघालं की हेच चित्र समोर येतं, कारण सर्वांत कडक बंदोबस्ताची, बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा तिच्या पाषाणच्या आवारात आहे. निपाह, क्रिमियन-काँगो ताप असल्या जिवावरच्या दुखण्यांचे विषाणू तिथे हाताळतात. लेखाचा विषय ठरला होता, श्वसनाच्या साथींवर आपण नजर कशी ठेवतो. छायाचित्र मात्र त्याआधीच ठरलं होतं.

वाचत, विचारत गेले तसं कळलं की फ्लूवरच्या रोजच्या पहाऱ्यात त्या पोशाखाची गरज क्वचितच पडते. तिथे लागतं कोंबडीचं, टर्कीचं किंवा गिनी पिगचं रक्त, ९६ खळग्यांची हातभर नाही, जेमतेम तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट आणि ती तिरकी धरून बघणारा सरावलेला डोळा. अंतराळवीर राहिले बाजूला. माझा बराचसा वेळ या प्लेटनेच खाल्ला.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे असतात. आपल्या नाकाघशातल्या पेशींना तो याच काट्यांनी चिकटतो. तो ज्याला धरतो ते साखरेचे रेणू तांबड्या रक्तपेशींवरही असतात, त्यामुळे रक्त दिसलं की तो तिथेही चिकटतो. एका विषाणूला एकाहून जास्त पेशी, एका पेशीला कित्येक विषाणू, असं होत होत खळग्यात पेशींचं जाळं विणलं जातं आणि खळगा सगळीकडून फिकट लाल दिसतो. १९४१ साली अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांना हे अचानक दिसलं. कोंबडीच्या फलित अंड्यात वाढवलेला विषाणू काढताना एक रक्तवाहिनी फाटली, रक्त त्या द्रवात मिसळलं आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. तेवढ्या गोष्टीवरून माणसाने एक कसोटी बांधली आणि ती आजही चालू आहे.

कसोटीचा खरा डाव पुढे आहे. आधी विषाणूवर प्रतिपिंडं सोडायची. ती नेमकी याच विषाणूसाठी बनलेली असतील तर काट्यांवर जाऊन बसतात आणि विषाणूला रक्तपेशी धरता येत नाहीत. जाळं विणलंच जात नाही. पेशी आपल्या वजनाने खाली घसरतात आणि तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखा नेटका लाल ठिपका जमतो. प्रयोगशाळेत त्याला बटण म्हणतात. आता प्रतिपिंडांचं मिश्रण खळग्यागणिक निम्मं निम्मं पातळ करत न्यायचं: २० पट, ४० पट, ८० पट, असं १२८० आणि त्याच्याही पुढे. शेवटचं स्वच्छ बटण कुठल्या खळग्यात दिसलं, तो आकडा लिहून घ्यायचा. गेल्या वर्षीच्या विषाणूसाठी बनलेली प्रतिपिंडं गेल्या वर्षीच्या विषाणूला १२८० पर्यंत अडवतात आणि यंदाच्याला १६० पर्यंतच, म्हणजे तीन खळगे आधीच हार मानतात, तर आठपट फरक पडला. विषाणू बदलला. लस बदलायचा विचार करण्याची वेळ आली. दरवर्षी जगभर फ्लूची जी कोट्यवधी इंजेक्शनं टोचली जातात, त्यांच्या घटकांचा निर्णय ज्या पुराव्यांवर होतो, त्यांतला एक जुना, भक्कम पुरावा हा आहे.

मला प्लेट दाखवणारे तंत्रज्ञ या कामात मुरलेले. नाव छापू नका, म्हणाले. त्यांनी प्लेट उचलून साठ अंशांच्या आसपास तिरकी केली आणि काही न बोलता थांबले. काही सेकंदांत खऱ्या बटणांमधून लाल रंगाचा बारीक ओघळ अश्रूसारखा खाली उतरू लागला. काही ठिपके दिसायला बटणच होते, पण त्यांचा ओघळ निघेना. ते खोटे: अर्धवट जाळं तळाशी बसलेलं. हा फरक नवख्याला महिनोन् महिने कळत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्या जड, अर्ध्या तासात बसतात. गिनी पिगच्या पेशींना केंद्रक नाही, त्यांना तास लागतो, आणि त्यांच्यासाठी खळग्याचा तळ टोकदार नाही, गोल हवा. प्लेट वाचणारी यंत्रंही आता निघाली आहेत. मी तो विषय काढला तेव्हा ते नुसते हसले.

तयारीही कमी किचकट नाही. प्रतिपिंडं जनावरांच्या रक्तद्रवातून येतात, आणि त्या द्रवात विषाणूला उगीच अडवणारे इतरही पदार्थ असतात. त्यांनी खोटंच बटण दिसू शकतं. म्हणून तो द्रव आधी एका विकरात रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचा, मग ५६ अंशांवर तापवायचा. हे विकर मिळतं कॉलऱ्याच्या जंतूपासून. एका साथीच्या जंतूने दुसऱ्या साथीच्या पहाऱ्याला हातभार लावावा, याची मला मोठी गंमत वाटली. आणि प्रतिपिंडं ज्या जनावराची लागतात ते फेरेट, मुंगसाच्या चणीचा एक युरोपीय प्राणी. १९३३ साली लंडनमध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा सापडला तो फेरेटच्या नाकातच. त्याला माणसासारखाच फ्लू होतो, माणसासारख्याच शिंका येतात. पुढे एका शास्त्रज्ञाच्या तोंडावर तो शिंकला आणि त्यांना फ्लू झालाही.

आता संस्थेचा इतिहास, थोडक्यात. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि अमेरिकेचं रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. तेव्हाचा भर डास-गोचिडांतून पसरणाऱ्या तापांवर होता. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, त्याचं कारण या लोकांनी शोधलं. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात जो विषाणू सापडला तो आज जगभर त्याच नावाने ओळखला जातो. १९७८ मध्ये संस्थेला सध्याचं नाव मिळालं. फ्लू, सर्दी, न्यूमोनिया हे या घरात थोडं उशिराच नांदायला आले. योगायोग असा की जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर नजर ठेवणारं आपलं जगव्यापी जाळं उभारलं तेही १९५२ सालीच. आज सव्वाशेच्या आसपास देशांतल्या राष्ट्रीय फ्लू केंद्रांचं ते जाळं आहे, आणि भारताच्या बाजूने पुण्याची ही संस्था त्यात आहे.

या सगळ्याच्या आधीचा काळ आठवून पाहावा. १० जून १९१८ रोजी मुंबईतले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. मग गोदीतले कामगार, मग गिरण्या, मग रेल्वेने सगळा देश. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांना हे कशामुळे होतंय ते ठाऊक नव्हतं, जगातच कोणाला नव्हतं. भारतातल्या बळींचे बहुतेक अंदाज एक कोटीच्या पुढेच जातात. सात शिपायांच्या नाकातला स्वॅब तपासायची सोय त्या दिवशी असती तरी साथ थांबली नसती. पण शरदातली दुसरी, कितीतरी जास्त घातक लाट येण्याआधी तीन महिने हातात मिळाले असते, आणि त्या तीन महिन्यांची किंमत ज्यांनी कोरोनाचा २०२१ चा एप्रिल पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

प्लेटपर्यंत पोचणारा विषाणू येतो कुठून? कुठल्यातरी सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतून. ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप, खोकला, आणि दुखणं सुरू होऊन दहा दिवसांच्या आतलं, असा रुग्ण म्हणजे 'आयएलआय', फ्लूसारखा आजार. तोच दाखल करावा लागला तर 'सारी', श्वसनाचा तीव्र आजार. निवडक दवाखाने आणि रुग्णालयं वर्षभर, दर आठवड्याला, अशा रुग्णांपैकी ठरावीक जणांच्या नाकाघशातून नमुने घेतात. काडी गुलाबी द्रवाच्या नळीत मोडून टाकायची, नळीवर क्रमांक, तिच्याभोवती शोषक कागद, मग दुसरा डबा, मग तिसरा, बर्फाचे पॅक आणि दोन ते आठ अंशांत प्रवास. आधी आरटी-पीसीआर. पॉझिटिव्ह निघाला आणि विषाणू पुरेसा असला तर तो जिवंत वाढवायचा, बहुधा १९५८ साली एका कॉकर स्पॅनिएल कुत्रीच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या आणि तेव्हापासून जगभर वाढवल्या जाणाऱ्या पेशींवर. मग प्लेट. सोबतीला आता जनुकीय क्रमवारी.

ग्रामीण बाजूचं एक उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. वढू बुद्रुक म्हटलं की आपल्याला संभाजी महाराजांची समाधी आठवते. साथरोगांच्या संशोधकांना आठवते ती तिथल्या परिसरातल्या गावांची नोंद, कारण २००९ पासून तिथे श्वसनाच्या आजाराने दाखल होणाऱ्यांची मोजदाद चालली. घरोघरची जन्ममृत्यूची नोंद आधीपासून असल्यामुळे किती लोकसंख्येमागे किती जण फ्लूने रुग्णालयात जातात, हे तिथे सांगता आलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात किती रुग्ण आले ते कळतं, पण ते कितीपैकी आले हे कळत नाही.

या कंटाळवाण्या मोजणीने एक मोठं काम करून ठेवलं आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. आपण उत्तर गोलार्धात आहोत म्हणून फ्लू हिवाळ्यात येतो, असं पाठ्यपुस्तकांच्या हिशेबाने धरलं जायचं. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी दहा शहरांतले काही वर्षांचे नमुने एकत्र मांडले आणि २०१५ साली प्रसिद्ध केले. चित्र निराळं निघालं. पुणे, नागपूर, दिल्ली, कोलकाता इथे फ्लूचा जोर पावसाळ्यात. चेन्नई-वेल्लोरला ईशान्य मोसमी पावसात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. हिवाळ्यात फक्त श्रीनगरला. म्हणजे देशाच्या बहुतेक भागाने लस एप्रिल-मेमध्ये, पाऊस पडायच्या आधी घ्यायला हवी. थंडीच्या तोंडावर घेणाऱ्याचा मोसम तोवर उलटून गेलेला असतो. एवढं समजायला आपल्याला २०१५ उजाडलं, कारण सलग मोजणीच फार उशिरा सुरू झाली.

मोजण्याची हौस आपल्याला साथीतच येते. २००९ चा ऑगस्ट पुणेकर विसरणार नाहीत. ३ तारखेला शहरातल्या एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला, देशातला पहिला. शाळा बंद, मॉल आणि चित्रपटगृहं बंद, मास्क काळ्या बाजारात, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा, दहीहंड्या रद्द. सरकारी नोंदीनुसार त्या वर्षी देशात या विषाणूने ९८१ माणसं दगावली. आता २०१५ घ्या. तोच विषाणू, तोवर अंगवळणी पडलेला. ४२,५९२ रुग्ण, २,९९० मृत्यू, तिपटीहून अधिक. शाळा उघड्या होत्या, मास्कसाठी तेवढी धावाधाव नव्हती. शाळा बंद करायला हव्या होत्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण भीती आणि धोका यांचा ताळमेळ आपल्याकडे किती सुटलेला आहे, हे या दोन आकड्यांइतकं स्पष्ट मला दुसरीकडे दिसलं नाही.

उलटी बाजूही सांगते, ती याच पहाऱ्याच्या श्रेयाची आहे. जानेवारी २०२५ मध्ये चीनमधल्या गर्दीने भरलेल्या रुग्णालयांचे व्हिडिओ फोनाफोनांत फिरले आणि एचएमपीव्ही हे नाव रातोरात घरोघर पोचलं. हा विषाणू २००१ साली नेदरलँड्समध्ये ओळखला गेला, आपल्याकडेही वर्षानुवर्षं फिरतो आहे. आयसीएमआरने आयएलआय-सारीच्या नोंदी पाहून सांगितलं की देशात श्वसनाच्या आजारांत कुठेही विशेष वाढ नाही. दोन-तीन आठवड्यांत विषय निवला. रोज मोजणारा कोणी नसता तर 'वाढ नाही' हे छातीठोकपणे सांगणार कोण होतं? लोकांना घाबरवणं सोपं असतं, आकडा दाखवून शांत करणं फार अवघड.

अडचणी विचारल्या तेव्हा पहिली अडचण खुद्द विषाणूचीच निघाली. फ्लूचा एच३एन२ हा प्रकार गेल्या काही दशकांत कोंबडीच्या रक्तपेशींना धरेनासा झाला, मग टर्कीच्याही. गिनी पिगवर निभावतं, पण तिथेही तो हिमॅग्लुटिनिन सोडून दुसऱ्याच प्रथिनाने, न्यूरामिनिडेजने चिकटतो आणि निकाल फसवा येतो. म्हणून प्लेटमध्ये ओसेल्टामिविर घालावं लागतं, तेच औषध जे 'टॅमिफ्लू' नावाने २००९ मध्ये लोक शोधत फिरत होते. तरीही काही नमुने दाद देत नाहीत. मग पेशींवर विषाणू निष्प्रभ होतो का ते बघण्याची लांबलचक कसोटी. ऐंशी वर्षं चाललेली युक्ती विषाणूने अशी हळूहळू निकामी करत आणावी, हे तंत्रज्ञ सांगत होते तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा आदरच जास्त होता.

दुसरी अडचण फेरेटची. संदर्भासाठी लागणारी प्रतिपिंडं मुख्यतः परदेशातल्या मोजक्या केंद्रांकडून संचांच्या रूपाने येतात. ते संच तिथल्या विषाणूंवर बेतलेले. टपाल, सीमाशुल्क, बर्फ वेळेत भरला गेला की नाही, असल्या गोष्टींवर इथलं काम लटकतं. एखाद्या परदेशी सरकारने उद्या हात आखडता घेतला तर काय, हा प्रश्न आता नुसता कल्पनेतला राहिलेला नाही. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायची घोषणा केली.

तिसरी, माणसांची. हे तंत्रज्ञ स्वाइन फ्लूच्या वर्षी काही महिन्यांच्या करारावर लागले. करार दरवेळी वाढत गेला, ते पक्के झाले नाहीत. बटणाचा खरा-खोटा ओघळ ओळखायला त्यांनी शिकवलेली मुलं दोन वर्षांत खाजगी कंपनीत जातात, आणि जाणाऱ्याला ते दोष देत नाहीत. साथ आली की यंत्रं येतात, साथ ओसरली की त्यांच्या देखभालीचा करार संपतो. २०२० च्या सुरुवातीला कोरोनाची तपासणी करणारी देशात एकटी पुण्याची प्रयोगशाळा होती. पुढे ती संख्या तीन हजारांवर गेली. त्यांतल्या कितींमधली पीसीआर यंत्रं आज आठवड्याला एकदा तरी फ्लूसाठी चालतात, हे प्रत्येक जिल्ह्याच्या पत्रकाराने आपापल्या जिल्ह्यात जाऊन विचारावं.

चौथी, कुंपणांची. पक्षी मेले तर नमुने भोपाळला, माणूस आजारी पडला तर पुण्याला. २००६ साली नंदुरबारच्या नवापूरमध्ये कोंबड्यांमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, देशात पहिल्यांदाच. २०२४ संपता संपता नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच एच५एन१ने मेले, आणि लगोलग उदगीरला कावळे मेले. खाटीक, कुक्कुटपालक, वनखात्याचा शिपाई आणि ओपीडीतला डॉक्टर यांना एकमेकांची बातमी त्याच दिवशी कळावी अशी व्यवस्था हवी. नागपूरला 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे, हेतू तोच. पायाभरणीनंतरचं बोलू या, म्हणजे झालं.

आणि शेवटची अडचण प्रयोगशाळेच्या हातातच नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती, अकोल्याकडे कोरोनाचे रुग्ण वाढू लागले. नमुन्यांच्या जनुकीय क्रमवारीत दोन बदल एकत्र दिसत होते. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ते आढळले आहेत. या कुळातून निघालेल्या विषाणूला पुढे डेल्टा हे नाव मिळालं. घोषणा झाली, पण निवडणुकीच्या सभा आणि कुंभमेळा चालूच राहिला, ऑक्सिजनची जुळवाजुळव व्हायची ती झाली नाही, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात देशात दिवसाला चार लाखांवर रुग्ण नोंदले जात होते. पहारेकऱ्याने हाक दिली होती. ती थोडी उशिरा आणि थोडी हळू दिली असं म्हणायला जागा आहे. पण ती ऐकली गेली नाही, यात शंका नाही. आणखी प्रयोगशाळा बांधून हा दोष जाणार नाही. कोणता आकडा ओलांडला की कोणी, किती दिवसांत, काय करायचं, हे शांततेच्या काळात लिहून ठेवलेलं असलं आणि ते पाळणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असलं, तरच तो जाईल.

तोवर आपल्या हातात असलेल्या दोन गोष्टी. घरात पासष्टीपुढचं माणूस, गरोदर बाई किंवा दमा-मधुमेहाचा रुग्ण असेल तर फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना दिवाळीत विचारू नका, एप्रिलमध्ये विचारा. आणि पावसाळ्यात साध्या तापाने सरकारी ओपीडीत गेलात आणि तिथल्या सिस्टरनी नाकातून नमुना घेऊ का, असं विचारलं, तर दहा सेकंद डोळ्यांत पाणी येईल, पण हो म्हणा.